यरुशलेम मध्यभागी: एका ताम्रमुद्रित नकाशाचे परीक्षण

गेल्या उपवासकाळात धर्मशिक्षकांच्या एका शिबिरासाठी गेलो असता तेथील सभागृहाच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत बसविलेला एक जुना नकाशा पाहण्यात आला. वर्तुळाकार पृथ्वी, तिच्याभोवती महासागराचे कडे, पूर्व दिशा वरच्या अंगाला आणि जवळजवळ मध्यावर यरुशलेम नगरी. चौकटीखाली मराठीत एक चिठ्ठी चिकटविलेली होती: 'यरुशलेम, जगाचा मध्यबिंदू'. दुपारच्या सत्रानंतर एका तरुण धर्मशिक्षकाने मला त्या नकाशापुढे नेले आणि विचारले, "फादर, हा आपल्या श्रद्धेचा नकाशा आहे असे मुलांना सांगितले तर चालेल का?" मी त्या वेळी दिलेले उत्तर वेळ मारून नेण्यापुरतेच होते. जुन्या लोकांची श्रद्धा अशी होती, सांगायला हरकत नाही, असे काहीसे मी बोललो. परत आल्यावर त्या पत्र्याच्या ठशाचा इतिहास थोडा बारकाईने चाळला, तेव्हा आपले उत्तर चुकले असे ध्यानात आले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती होय.

प्रथम त्या चित्राची ओळख करून घेऊ. भिंतीवर होती ती छायाचित्रित प्रत. तिचे मूळ म्हणजे इ. स. १६११ मध्ये जर्मनीतील हानाऊ येथे छापलेल्या एका ग्रंथातील ताम्रमुद्रित नकाशा. त्या ग्रंथाचे संपादक झाक बोंगार हे फ्रान्सचे राजे चौथे हेन्री यांच्या सेवेतील राजनैतिक प्रतिनिधी, प्रॉटेस्टंट पंथीय आणि जुन्या हस्तलिखितांचे थोर संग्राहक होते. क्रूसयुद्धांविषयीची मध्ययुगीन वृत्ते त्यांनी दोन भागांत एकत्र केली व त्या संग्रहाला 'गेस्ता देई पेर फ्रांकोस', म्हणजे 'फ्रँक लोकांच्या हस्ते देवाने केलेली कृत्ये', असे नाव दिले. दुसऱ्या भागात व्हेनिसचे नागरिक मारिनो सानुदो यांचा 'क्रूसनिष्ठांच्या रहस्यांचा ग्रंथ' आहे आणि आपला नकाशा त्याच ग्रंथाबरोबरचा आहे. हस्तलिखितात तो रेखाटणारे मूळ चित्रकार प्येत्रो वेस्कोंते हे जिनोव्हाचे, पण व्हेनिसमध्ये काम करणारे नकाशाकार होत. त्यांचा काळ इ. स. १३२० च्या आसपासचा. म्हणजे आपण भिंतीवर पाहतो ते विसाव्या शतकातील छायाचित्र, सतराव्या शतकातील ठसा आणि चौदाव्या शतकातील लेखणी अशा तीन थरांतून आपल्यापर्यंत आलेले चित्र आहे. परीक्षण करताना हे तीन थर वेगळे ठेवावे लागतात.

नकाशाकाराचे गुण आधी सांगणे न्याय्य ठरेल. इंग्लंडमधील हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये इ. स. १३०० च्या सुमाराचा जो प्रचंड नकाशा आहे, त्यावर विचित्र देहाची माणसे, नाना प्रकारचे प्राणी, पवित्र शास्त्रातील प्रसंग आणि वरच्या टोकाला एदेन बाग अशी दाटी आहे. त्यानंतर अवघ्या वीस वर्षांच्या आत वेस्कोंते नकाशा काढतात तेव्हा त्या विचित्र प्राण्यांची गर्दी ओसरलेली दिसते. भूमध्य समुद्राचा किनारा त्यांनी नाविकांच्या तक्त्यांवरून घेतला आहे. इटलीचे पाऊल, काळा समुद्र, ग्रीसचा दातेरी किनारा हे सर्व आजच्या डोळ्यांनाही ओळखू येते. वर्तुळाच्या परिघावरून निघणाऱ्या दिग्रेषा साऱ्या पृथ्वीवर जाळ्यासारख्या पसरल्या आहेत. होकायंत्राने चालणाऱ्या खलाशाची शिस्त येथे प्रथमच पृथ्वीच्या पारंपरिक वर्तुळात शिरली. जे किनारे पाहिलेले होते ते अचूक आणि जे ऐकीव होते ते ढोबळ, असा सरळ भेद या चित्रात आहे. भूमध्य समुद्राकडून पूर्वेकडे सरकू लागलो की रेषा सैल होतात, भारतात तर त्या जवळजवळ अंदाजाच्याच उरतात आणि त्या अंदाजाच्या प्रदेशात प्रेस्टर जॉन या कल्पित ख्रिस्ती राजपुरोहिताचे नाव लिहिलेले आढळते. हे नाव ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडेल.

आता ठशाकडे वळू. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने रेषा खोदायची, तीही उलटी, म्हणजे कागदावर ती सुलट उमटावी. मग पत्र्यावर शाई फासून पृष्ठभाग पुसून काढायचा. शाई फक्त चरांत उरते. ओलसर कागद त्यावर ठेवून रुळाच्या यंत्रात दाबला की चरातील शाई कागद उचलतो. या रीतीत रेषेला मान मिळतो, रंगाला मिळत नाही. वेस्कोंतेंच्या हस्तलिखितांत समुद्र हिरव्या रंगाने भरलेला असतो. ठशात तो रंग नाही. मध्ययुगीन लेखनिकाची दाट वळणदार अक्षरे जाऊन तेथे छापखान्याच्या सवयीची रोमन अक्षरे आली. हाताचा कंप, शाईचा कमीजास्तपणा, चामड्याची सुरकुती ही सारी नाहीशी झाली आणि त्या जागी एक प्रकारचा थंड नेटकेपणा आला. हस्तलिखित पाहताना कोणीतरी हे काढले आहे असे जाणवते. ठसा पाहताना हे असेच असते असा भास होतो. प्रतिकृतीचा हा धोका सार्वत्रिक आहे आणि आपण चर्चमध्ये लावतो त्या छापील पवित्र चित्रांनाही तो लागू आहे.

तरीही बोंगार यांच्या कारागिराने एक गोष्ट प्रामाणिकपणे केली आणि तिचे श्रेय त्याला दिले पाहिजे. १६११ मध्ये युरोपात मर्केटर यांचा १५६९ चा आणि ऑर्टेलियस यांचा १५७० चा असे नकाशे सर्वांना ठाऊक होते. अमेरिका खंड त्यांत होते, उत्तर दिशा वर होती. कारागिराने जुन्या नकाशाला नव्याचे कपडे चढविले नाहीत. पूर्व वरच राहू दिली, खंड तीनच ठेवले, कास्पियन समुद्र मुळात दोन ठिकाणी आहे तो दोन ठिकाणीच राहू दिला. संपादकाला हा नकाशा प्रवासासाठी नको होता. पूर्वजांनी पृथ्वी कशी पाहिली याची साक्ष म्हणून तो त्याला हवा होता. साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत हे त्याने पाळले. जुन्या गोष्टीचा आदर करणे आणि तिच्याशी सहमत होणे यांत अंतर आहे, हे शिकविण्यासाठी या ठशाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

मात्र या ठशाच्या नशिबी पुढे जे आले ते तितकेसे चांगले नाही. ग्रंथात घडी घालून लावलेली अशी पाने कापून काढण्याची आणि चौकटीत घालून विकण्याची रूढी जुन्या वस्तूंच्या व्यापारात फार दिवसांची आहे. पान ग्रंथातून सुटले की त्याचा हेतू मागे राहतो आणि शोभा तेवढी पुढे येते. आपल्या सभागृहातील चिठ्ठी ही अशा कापलेल्या पानावर बेतलेली चिठ्ठी आहे. ज्याने ती लिहिली त्याला दोष देता येत नाही, कारण त्याच्यासमोर पान होते, ग्रंथ नव्हता. आपल्याला आता पान पुन्हा ग्रंथात लावून वाचायचे आहे.

इ. स. १२९१ मध्ये अक्को हे नगर इजिप्तच्या मामलूक सुलतानाने जिंकले आणि पॅलेस्टाईनच्या भूमीवरील क्रूसयोद्ध्यांचे राज्य संपले. मारिनो सानुदो त्या पिढीतला. १३०६ पासून तो एकाच विचाराने झपाटलेला दिसतो: पवित्र भूमी परत कशी मिळवावी. त्याचे उत्तर व्यापाऱ्याच्या मुलाला शोभणारे होते. सुलतानाचे बळ त्याच्या जकातीत आहे, ती जकात पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांवर आहे, म्हणून ख्रिस्ती राष्ट्रांनी इजिप्तशी असलेला सारा व्यापार तोडावा. तो मोडणाऱ्यांना अडविण्यासाठी १० गलबते ठेवावीत. इजिप्त दुबळे झाले की १५,००० पायदळ व ३०० घोडेस्वार नाईलच्या मुखाशी उतरवावेत. यानंतर गलबतांची बांधणी, खलाशांचे पगार, शिधा, बिस्किटांचे माप असा काटेकोर हिशेब येतो. २४ सप्टेंबर १३२१ रोजी आव्हिन्यों येथे सानुदोने आपल्या ग्रंथाच्या दोन प्रती पोप बावीसावे जॉन यांना अर्पण केल्या. त्यांच्याबरोबर नकाशेही होते: समुद्राचा, जगाचा, पवित्र भूमीचा आणि इजिप्तचा. पवित्र भूमीच्या नकाशावर चौकटींचे जाळे आहे, त्यामुळे कोणते गाव कोणत्या घरात पडते हे बोट ठेवून सांगता येते. ज्या राजाने पॅलेस्टाईन कधी पाहिले नाही त्यालाही मोहिमेची आखणी करता यावी, ही त्यामागची सोय.

म्हणजे यरुशलेम मध्यभागी असलेला आपला नकाशा हा एका नाकेबंदीच्या अर्जाला जोडलेला कागद आहे. अर्जदाराची निष्ठा खोटी होती असे मी म्हणत नाही. आपले आयुष्य आणि पैसा त्याने या कामी घालविला आणि त्याच्या आराखड्याप्रमाणे मोहीम कधीच निघाली नाही. पण चित्राचे वाचन त्याच्या हेतूवाचून पुरे होत नाही. हे तत्त्व आजच्या टीकाशास्त्राने शोधलेले नाही. सानुदोचा ग्रंथ तपासण्यासाठी पोपमहोदयांनी ज्या धर्मबंधूंना नेमले, त्यांत फ्रान्सिस्कन संघाचे व्हेनिसचे पाओलिनो हे एक होते. त्यांनी स्वतःच्या इतिहासग्रंथासाठीही असाच जगाचा नकाशा वापरला, आणि नकाशात चित्र व लेखन ही दोन्ही हवीत, एकावाचून दुसरे अपुरे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या परीक्षकाने घातलेली ही अट आपल्या भिंतीवरील चौकट पुरी करीत नाही.

या अर्जात आपला देशही आहे. सानुदो आरंभीच सांगतो की पूर्वेकडील महासागरावर मुख्य बंदरे दोन: एक 'महाबार' व दुसरे 'कांबेथ'. पहिले दक्षिणेकडील किनाऱ्यावरचे आणि दुसरे म्हणजे आपल्या बडोद्याच्या वाचकांना घराजवळचे असलेले खंबायत. तेथून माल एडनला, तांबड्या समुद्रातून पुढे नाईलपर्यंत आणि अखेरीस अलेक्झांड्रियाच्या बाजारात जातो. तो इजिप्तऐवजी इराणच्या वाटेने वळवावा, अशी त्याची सूचना आहे. त्याच्या डोळ्यांपुढे खंबायत हे मालाचे उगमस्थान होते. तेथे माणसे राहतात, त्यांचा काही धर्म आहे, त्यांच्याविषयी ख्रिस्तसभेवर काही ऋण आहे, हा विचार त्या वाक्यांत डोकावत नाही. नकाशाच्या मध्यावर नगरी इतकी ठळक काढली की कडेची माणसे मालात जमा झाली.

आता मूळ प्रश्न. यरुशलेम जगाच्या मध्यावर ठेवण्यास पवित्र शास्त्राचा आधार म्हणून यहेज्केल ५:५ हे वचन जुन्या काळापासून दाखविले जाते. देवाने या नगरीला राष्ट्रांच्या मध्ये ठेवले, असा त्याचा आशय. ते वचन सुटे वाचले तर नकाशाकाराची बाजू भक्कम वाटते. पण त्याचेही पान ग्रंथात लावून पाहावे. चौथ्या अध्यायाच्या आरंभी देव संदेष्ट्याला सांगतो की एक वीट घे, तिच्यावर यरुशलेम नगरीचे चित्र काढ आणि त्या चित्राला वेढा घाल. मोर्चे उभार, छावणी दे, लोखंडी तवा भिंतीसारखा मध्ये ठेव. मग उपासमारीचे अन्न, मग वस्तऱ्याने कापलेले केस, आणि या सर्वांनंतर पाचव्या वचनात खुलासा येतो की ही यरुशलेम होय. लगेच सहाव्या वचनात कारण येते: हिने आजूबाजूच्या राष्ट्रांपेक्षा अधिक बंड केले. म्हणजे पवित्र शास्त्रात ज्या ठिकाणी यरुशलेमच्या मध्यस्थानाचे वचन आहे, त्याच ठिकाणी तिचा एक नकाशा आहे आणि त्या नकाशातला वेढा यरुशलेमलाच पडलेला आहे.

या दोन नकाशांची तुलना केल्याखेरीज परीक्षण पुरे होणार नाही. दोन्हींत नगरी मध्यभागी आहे, दोन्हींत वेढा आहे. संदेष्ट्याने विटेवर काढलेल्या नकाशात वेढ्याचे तोंड आत, स्वतःच्या लोकांकडे वळले आहे. मध्यस्थान म्हणजे सर्वांच्या देखत झडती. सानुदोच्या ग्रंथातील नकाशात वेढ्याचे तोंड बाहेर, इजिप्तकडे वळले आहे, आणि मध्यस्थान म्हणजे मालकीचा पुरावा. वचन एकच, पण फलित उलटे. बोंगार यांच्या संग्रहाचे नावही याच वळणाचे आहे. अमुक लोकांच्या हस्ते देवाने केलेली कृत्ये, असे म्हटले की त्या लोकांची कृत्ये तपासण्याची वाटच बंद होते. ज्या संपादकाच्या स्वतःच्या देशात १५६२ पासून १५९८ पर्यंत ख्रिस्ती लोक ख्रिस्ती लोकांना देवाच्या नावाने मारीत होते, त्याने हे बाराव्या शतकातील नाव पुन्हा मुखपृष्ठावर घ्यावे, हे वाचकाने नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

पवित्र शास्त्रात इजिप्तला स्थान आहे, आणि ते नाकेबंदीपलीकडचे आहे. यशया १९ च्या अखेरीस देव इजिप्तला आपली प्रजा, अश्शूरला आपली हस्तकृती आणि इस्राएलला आपले वतन म्हणतो. स्तोत्र ८७ मध्ये तर सियोनेच्या जन्मनोंदीत मिसर व बाबेल यांची नावे लिहिली जातात: हेही येथेच जन्मले, असे देव स्वतः नोंदवितो. यरुशलेमचे मध्यस्थान मानायचेच असेल तर ते असे मानावे. शत्रूची नावे ज्या वहीत घरच्यांची म्हणून लिहिली जातात ती वही तेथे आहे. पुढे शोमरोनी स्त्रीशी बोलताना प्रभू उपासनेला या डोंगरापासून व यरुशलेमपासूनही मोकळे करतो (योहान ४:२१), आणि प्रेषितांची कृत्ये १:८ मध्ये यरुशलेम हा निघण्याचा ठिकाणा ठरतो. ज्या ठिकाणाहून निघायचे त्याला परत जिंकायचे ठिकाण मानणे, हा त्या वचनाचा उलटा प्रवास होय.

येथवरचे विवेचन वाचून कोणी म्हणेल की चौदाव्या शतकातील माणसाला विसाव्या शतकातील महासभेचे माप लावणे अन्यायाचे आहे. आक्षेप रास्त आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणेत मुस्लिमांविषयी जी दृष्टी दिली ती सानुदोपाशी नव्हती. परंतु यहेज्केल, यशया व स्तोत्रे त्याच्यापाशी होती. आणि फ्रान्सिस असीसीकर १२१९ मध्ये, क्रूसयुद्ध चालू असताना, दमिएत्ता येथे सुलतान अल-कामिल यांना निःशस्त्र जाऊन भेटले होते, हीही गोष्ट त्याच्या काळी नवी नव्हती. मोजमाप त्याच्याच शतकातून घेता येते. आपल्यासाठी तर ते आणखी जवळ, आपल्याच किनाऱ्यावर सापडते.

१३२१ हेच ते वर्ष. सानुदो आव्हिन्योंला नकाशे घेऊन उभा राहण्याच्या पाच महिने आधी, एप्रिल महिन्यात, ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन मारले गेले: तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर व तिफ्लिसचे देमेत्रिअस. त्यांचे सोबती, डोमिनिकन संघाचे जोर्दानुस, त्या वेळी उत्तरेकडे गेले होते. वार्ता कळताच ते परतले आणि त्यांनी मृतदेह सोपाऱ्यात पुरले. पुढे ओदोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशाने त्या अस्थी चीनपर्यंत नेल्या व ही कथा लिहून ठेवली. या हुतात्म्यांची कथा आपण अनेकदा सांगतो, पण अर्धी सांगतो. ओदोरिकच्या वृत्तांताप्रमाणे काझीपुढील वादात इस्लामच्या संस्थापकाविषयी धर्मबंधूंच्या तोंडून कठोर उद्गार निघाले आणि तेथून प्रकरण चिघळले. त्याच वृत्तांताप्रमाणे दिल्लीच्या सुलतानाने या हत्येबद्दल स्थानिक अधिकाऱ्याला देहदंड दिला. सानुदोच्या ग्रंथात 'सुलतान' म्हणजे वेढा घालण्याजोगा एकच शत्रू आहे. ठाण्याच्या कथेत एक अधिकारी मारतो आणि एक सुलतान न्याय करतो. जमिनीवर उतरले की नकाशातले एकरंगी प्रदेश असे फुटतात.

आणि तरी जोर्दानुसही आपल्या काळाच्या नकाशातून सुटलेले नव्हते. काही वर्षांतच युरोपातील बंधूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी इच्छा व्यक्त केली की पोपमहोदयांनी या समुद्रात दोन गलबते जरी ठेवली तरी केवढा लाभ होईल आणि अलेक्झांड्रियाच्या सुलतानाची केवढी हानी होईल! हे वाक्य प्रथम वाचले तेव्हा मला धक्का बसला. ज्याने आपल्या हातांनी सोबत्यांना माती दिली, ज्याने नंतरही याच किनाऱ्यावर एकट्याने धर्मसेवा केली, त्याच्या मनातही सानुदोची गलबते तरंगत होती. नकाशा भिंतीवर असतो तेव्हा तो काढून ठेवता येतो. मनात असलेला नकाशा हुतात्म्यांच्या थडग्यापाशीही आपल्याबरोबर येतो. यात जोर्दानुसांना कमी लेखण्याचा हेतू नाही. आपल्यापैकी कोणाला या मोहातून सूट नाही, एवढेच सांगायचे आहे.

पण त्यांची गोष्ट त्या पत्रावर संपत नाही. १३२९ मध्ये त्याच पोप बावीसाव्या जॉन यांनी जोर्दानुस यांना कोल्लमचे बिशप नेमले. त्या सुमारास त्यांनी पूर्वेकडील आश्चर्यांविषयी एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात ऐकीव चमत्कार पुष्कळ आहेत. पण आपल्या देशातील लोकांविषयी ते लिहितात तेव्हा सूर बदलतो: हे लोक खाण्यापिण्यात स्वच्छ आहेत, बोलण्यात सत्यवादी आहेत, न्यायात चोख आहेत, असा त्यांचा अभिप्राय आहे. आणि प्रेस्टर जॉन? त्यांनी त्याला आपल्या भारतातून हलवून इथिओपियाकडे पाठविले. येथे राहिलेल्या माणसाला तो राजा येथे सापडला नाही, सापडली ती शेजारची माणसे. कल्पित ख्रिस्ती सम्राटाचे नाव पुसले जाऊन त्या जागी खऱ्या अख्रिस्ती शेजाऱ्याचे गुण लिहिले गेले. नकाशाची याहून चांगली दुरुस्ती मला ठाऊक नाही. आव्हिन्योंच्या दालनात ती होऊ शकली नसती. त्यासाठी ठाणे, सोपारे, घोघा आणि कोल्लम येथे वर्षानुवर्षे राहावे लागले.

असो. आता त्या तरुण धर्मशिक्षकाला उत्तर देणे आले. नकाशा भिंतीवरून काढावा काय? मला तसे वाटत नाही. तो सुंदर आहे, प्रामाणिक प्रतिकृती आहे, आणि लपविलेल्या इतिहासापेक्षा उघड्यावरचा इतिहास मुलांना अधिक शिकवितो. मात्र खालची चिठ्ठी बदलावी. नव्या चिठ्ठीवर वर्ष असावे, ग्रंथाचे नाव असावे आणि तो ग्रंथ कशासाठी लिहिला गेला हे एका वाक्यात असावे. १६११ च्या छपाईवरून सानुदोच्या भागाचे १९७२ मध्ये पुनर्मुद्रण झाले आहे, २०११ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले आहे. धर्मविद्यालयाच्या ग्रंथालयातून ते मागवून वरच्या वर्गांना दाखविता येईल.

वर्गात हा पाठ घेताना मुलांच्या हाती आधी एक वीट द्यावी आणि खडूने तिच्यावर आपल्याच गावाचे चित्र काढावयास सांगावे. चर्च कोठे, मशीद कोठे, देऊळ कोठे, पाण्याची टाकी कोणाच्या आळीत, हे त्यांना काढू द्यावे. मग यहेज्केलचा चौथा व पाचवा अध्याय वाचावा आणि विचारावे की देव या चित्राला वेढा घालील तर तो प्रथम कोणत्या दारापाशी थांबेल. मुले प्रामाणिक असतात. ती आपल्या दाराकडे बोट दाखवितील. त्यानंतर स्तोत्र ८७ वाचावे आणि चर्चपासून सर्वांत दूर, विटेच्या कडेवर ज्यांची घरे पडली त्यांची नावे मुलांकडून वहीत लिहून घ्यावीत. एवढे झाल्यावर त्यांना सभागृहात नेऊन तो नकाशा दाखवावा. मग चिठ्ठीचे काम फारसे उरणार नाही.

माझ्याकडून मात्र त्या धर्मशिक्षकाला एक पत्र जायचे राहिले आहे. या लेखाची प्रत त्याबरोबर पाठवीत आहे.